पिठ्या ढेकूण पुन्हा पुन्हा का येतो?

जास्वंदीच्या कळीच्या देठाशी, पानांच्या बेचक्यांत, कोवळ्या शेंड्याच्या चुण्यांत कापसाचे बारीक पुंजके दिसू लागतात. पाण्याचा फवारा मारला की जातात. साबणाचं पाणी फवारलं की झाड आठ दिवस स्वच्छ दिसतं. मग पुन्हा तोच कापूस, आणि या खेपेला शेजारच्या कुंडीतल्या क्रोटनवरही. गॅलरीत झाडं लावणाऱ्या बहुतेक घरांनी हे पाहिलेलं असतं. त्यावर बहुतेक जण औषध बदलतात. निंबोळी तेल झालं, मग आंबट ताक, मग लसूण-मिरचीचा अर्क, मग कुणीतरी सुचवलेली दुकानातली बाटली. कीड मात्र हटत नाही.

पिठ्या ढेकूण मारायला फारसा अवघड नाही. अवघड हे आहे, की तो एका वेळी सगळाच्या सगळा आपल्या समोर येत नाही. काही अंड्यांत असतो, काही मेणाखाली, काही मातीत. आजच्या फवारणीतून जे सुटतं, तेच महिन्याभराने पुन्हा कुंडीभर होतं. त्यामुळे कोणतं औषध वापरलं यापेक्षा ते किती दिवसांच्या अंतराने आणि किती वेळा वापरलं, याला जास्त महत्त्व आहे. हे पटायचं असेल तर आधी त्या कापसाच्या आत डोकवावं लागेल.

कापसाच्या आत काय चालतं

पिठ्या ढेकूण हा मावा, पांढरी माशी आणि खवले कीड यांच्या जवळचा नातलग. झाडाच्या रसवाहिनीत सोंड खुपसायची आणि बसल्या जागी रस ओढत राहायचं, ही या सगळ्यांची रीत. पूर्ण वाढलेली मादी साधारण तीन-चार मिलिमीटर लांब असते. तिला पंख नसतात. अंगावर ती पांढऱ्या मेणाची भुकटी पसरून घेते आणि हीच भुकटी आपल्याला पिठासारखी दिसते. नर वेगळाच असतो. बारीक, एका पंखजोडीचा, तोंडाने काहीच खाऊ न शकणारा. प्रौढ झाल्यावर तो जेमतेम काही दिवस जगतो. झाडाचं नुकसान होतं ते मुख्यतः मादी आणि पिल्लं यांच्यामुळे.

बहुतेक जातींच्या माद्या अंडी घालण्यासाठी मेणाच्या तंतूंची पिशवी विणतात. आपण ज्याला कापसाचा पुंजका म्हणतो, ती बऱ्याचदा हीच पिशवी असते. एका पिशवीत काहीशे अंडी असू शकतात. लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणाची एक मादी सहाशेपर्यंत अंडी घालते. हवामानानुसार साधारण एक ते दोन आठवड्यांत अंडी फुटतात आणि अर्ध्या मिलिमीटरहून लहान, पिवळसर-गुलाबी पिल्लं बाहेर पडतात. ती चालत निघतात, कोवळी आडोशाची जागा शोधतात आणि तिथे ठाण मांडतात. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, टेकलेल्या पानांवरून शेजारच्या झाडावर, वाऱ्याने, मुंग्यांच्या तोंडातून, आपल्या हातांनी आणि कात्रीने कीड पसरते ती याच वयात. उष्ण हवेत महिन्याभरात यांतल्या माद्या स्वतः अंडी घालायला तयार होतात.

आता फवारणीचा हिशेब मांडून पाहू. मेणावर पाणी ठरत नाही, ओघळून जातं. अंड्यांच्या पिशवीत तर औषध जवळजवळ पोचतच नाही. अंगावर मेण पुरतं साठण्याआधीची ती चालती पिल्लं मात्र साध्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. म्हणजे आपली फवारणी ज्या दिवशी होते, त्या दिवशी उघड्यावर असलेली पिल्लं आणि काही माद्या जातात, अंडी राहतात. पुढच्या आठवड्यात ती फुटतात. त्या वेळी दुसरी फवारणी झाली, तर ही नवी तुकडी मेण साठण्याआधीच सापडते. नाही झाली, तर महिन्याने तिच्याच पिशव्या दिसतात. एक-दोन फवारण्यांवर थांबणाऱ्या घरात कीड दर महिन्याला नव्याने येते असं वाटतं, पण ती कधी गेलेलीच नसते.

चिकटा, काजळी आणि मुंग्या

झाडाच्या रसात साखर भरपूर असते, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. कीटकाला पुरेसं पोषण मिळवायचं तर रस खूप प्यावा लागतो आणि नको असलेली साखर बाहेर टाकावी लागते. पानांवर, गॅलरीच्या फरशीवर, खालच्या कुंडीवर जाणवणारा चिकटा हीच ती साखर. तिच्यावर काळी बुरशी वाढते आणि पानं काजळी धरल्यासारखी दिसतात. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही, पण पानाचा प्रकाश अडवते. ओल्या फडक्याने ती पुसता येते. कीड गेली की तीही परत येत नाही.

अमिनो आम्लांची उरलेली तूट हा कीटक कशी भरून काढतो, ही जीवशास्त्रातली एक विलक्षण गोष्ट आहे. त्याच्या शरीरातल्या खास पेशींत जीवाणू राहतात. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणात एका जीवाणूच्या पोटात दुसरा जीवाणू राहतो. अमिनो आम्लं तयार करण्याच्या कामातले काही टप्पे आतला जीवाणू सांभाळतो, काही बाहेरचा, तर काही स्वतः कीटक. तिघांच्या भागीदारीवर चाललेलं हे शरीर नुसत्या साखरपाण्यासारख्या रसावरही फोफावतं.

यात चौथा भागीदार म्हणजे मुंग्या. गोड स्रावाच्या बदल्यात त्या या किडीची राखण करतात, तिच्यावर तुटून पडणाऱ्या ढालकिड्यांना आणि परोपजीवी माश्यांना हुसकावतात, पिल्लांना नव्या फांदीवर नेऊनही ठेवतात. म्हणून झाडावर मुंग्यांची चढती-उतरती रांग दिसली, की ती कुठे जाऊन थांबते ते पाहावं. बहुतेक वेळा तिच्या टोकाला पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड सापडते. मुंग्यांचा बंदोबस्त न करता केलेली फवारणी अर्धवट राहते.

सहा आठवड्यांचा कार्यक्रम

पहिल्या दिवशी कीड लागलेली कुंडी बाकीच्यांपासून दूर करा. एकाही पानाचा दुसऱ्या झाडाला स्पर्श होता कामा नये. फार भरलेले शेंडे, कळ्या आणि वाळक्या काड्या कापून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. घरच्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. कात्री आणि हात साबणाने धुवा. मग झाड मोरीत किंवा बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारा. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधली, तर धुतलेली कीड मातीत पडत नाही. नुसत्या धारेनेच मोठी संख्या कमी होते.

उरलेले पुंजके एकेक करून टिपायचे. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारं सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन थेट पुंजक्याला लावा. अल्कोहोल मेणाचं आवरण भेदतं आणि आतला कीटक सुकवून टाकतं. पातळ, नाजूक पानांवर, विशेषतः नेच्यांवर, त्याचे डाग पडतात, म्हणून आधी एका पानावर लावून एक दिवस वाट पाहा. हा द्रव चटकन पेट घेतो. निरांजन, उदबत्ती, गॅस यांच्या जवळपासही हे काम करू नका.

त्यानंतर फवारणी. एक लिटर कोमट पाण्यात एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण किंवा रिठ्याचं दाट पाणी मिसळा आणि मग पाच मिलिलिटर निंबोळी तेल हळूहळू ओतत ढवळा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि फवाऱ्यातून कधी नुसतं पाणी तर कधी नुसतं तेल येतं. त्याने पानं भाजतात. तयार केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि फवारताना बाटली हलवत राहा. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, ती झाडाला सोसत नाही. बोअरवेलचं जड पाणीही टाळा. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा साका होतो, तो फेसाळत नाही आणि कीटकावर त्याचं कामही होत नाही. अशा वेळी पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्यावं.

फवारा पानांच्या खाली, बेचक्यांत, देठांभोवती, खोडाच्या भेगांत गेला पाहिजे. साबण ओला असेपर्यंतच मारतो. वाळल्यावर त्याचा काहीही असर उरत नाही. ज्या किडीला तो भिजवत नाही, ती जिवंत राहते. वेळ संध्याकाळची धरा, कारण भर उन्हात तेलाने पानं करपतात आणि सूर्यप्रकाशात निंबोळीतलं मुख्य द्रव्यही लवकर निकामी होतं.

हे सगळं दर सातव्या दिवशी, सलग सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात झाड स्वच्छ दिसू लागतं आणि नेमके याच टप्प्यावर बहुतेक लोक थांबतात. थांबू नका. त्या वेळी लपलेल्या पिशव्यांतून शेवटच्या तुकड्या बाहेर पडत असतात आणि त्यांना गाठण्यासाठीच पुढचे आठवडे असतात.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांना व्हॅसलिनचा रुंद पट्टा द्या आणि धूळ बसली की तो नव्याने लावा. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवून मुंग्या अडवण्याची जुनी युक्ती चालते, पण त्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो. ते पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून ताटली घासणार असाल, तरच ती ठेवा.

एवढं करूनही झाड मलूल राहत असेल, तर ते कुंडीतून अलगद काढून मुळं पाहा. काही जातींचे पिठ्या ढेकूण मुळांवरच राहतात. अडेनियम, कॅक्टस आणि मांसल पानांची झाडं यांत हा प्रकार नेहमी सापडतो. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसते. अशा वेळी माती पूर्ण झाडून टाका, मुळं धुवा, कुंडी गरम पाण्याने घासा आणि नव्या मातीत झाड लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नका.

निंबोळी हळू का चालते

निंबोळी तेल फवारून दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली, की लोक म्हणतात, काही उपयोग झाला नाही. इथे निंबोळीवर अन्याय होतो. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड पडली, तेव्हा टोळांनी आसपासची हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाला तोंड लावलं नाही. हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी टिपलं आणि कडुनिंबाच्या आधुनिक अभ्यासाला जोर आला. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळं केलं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे बनवायला २००७ उजाडलं. आपल्या शेतकऱ्यांच्या घरात तर निंबोळीचा अर्क पूर्वापार आहे.

ॲझाडिरॅक्टिन कीटकाच्या कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. पिल्लाला पुढच्या वयात जाता येत नाही, त्याची भूक मंदावते, अंडी घालणं कमी होतं. हा परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि तो पिल्लांवर सर्वांत जास्त होतो. म्हणजे साप्ताहिक फवारणीच्या कार्यक्रमात निंबोळी अगदी चपखल बसते. तेल नको असेल, तर शेतात वापरतात तो पाच टक्क्यांचा अर्क घरीही होतो. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून घ्या, थोडा साबण मिसळा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा.

कीड ओळखा, मग हात उचला

प्रत्येक चिवट कीड पिठ्या ढेकूण नसते. पानावर बारीक फिकट ठिपके, पान निस्तेज, शेंड्याला कोळिष्टकासारखी जाळी, असं दिसलं तर ते लाल कोळी असतात. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे ठिपके चालू लागले, की शंका मिटते. कोळी हे कीटक नाहीत, आठ पायांचे जीव आहेत. कीटकांसाठीची कित्येक औषधं त्यांच्यावर चालत नाहीत, उलट त्यांना खाणारे जीव मेल्याने ते आणखी वाढतात. कोरडी, तापलेली हवा त्यांना मानवते. एप्रिल-मेमध्ये पानांच्या खालून दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा जोरदार फवारा आणि आठवड्याला साबण-निंबोळी, हा त्यांच्यावरचा घरगुती इलाज.

खोडाला तपकिरी टिकल्या चिकटलेल्या दिसल्या आणि नखाने खरवडल्यावर सुटल्या, तर ती खवले कीड. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात ती घासून काढा आणि नंतर तोच साप्ताहिक कार्यक्रम चालवा, कारण तिचीही पिल्लंच तेवढी उघडी असतात. कुंडी हलवल्यावर पांढरा धुरळा उडाल्यासारखा वाटला तर पांढरी माशी. तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा. फुलकिड्यांसाठी निळे सापळे चालतात. मातीवर काळी चिलटं भिरभिरत असतील, तर पाणी जास्त होतंय. वरची दोन इंच माती वाळेपर्यंत पाणी थांबवलं, की त्यांच्या अळ्यांना लागणारी ओल तुटते.

मित्र कोण, शत्रू कोण

२००८ मध्ये कोइम्बतूर भागात पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला हा कीटक पपईबरोबर तुती, टॅपिओका, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर पसरला आणि पुढे महाराष्ट्रातही आला. औषधं कमी पडली. मग २०१० मध्ये बंगळुरूच्या एका राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू आणले. त्यांतली ॲसेरोफॅगस पपायी ही इवलीशी परोपजीवी माशी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. ती सोडल्यानंतर थोड्याच काळात पपईच्या बागा सावरल्या.

घरातल्या झाडावर कीड माजते, कारण तिथे हे शत्रू नसतात आणि झोडपणारा पाऊसही नसतो. पण उघड्या गॅलरीत आणि गच्चीवर ते येतात, आणि आपण त्यांना ओळखत नाही. क्रिप्टोलिमस हा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा १८९८ मध्ये भारतात कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला गेला. आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणाविरुद्ध तो सोडतात. त्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्यांनी झाकलेली असते, त्यामुळे बागकाम करणारे तिला मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडतात. फरक सोपा आहे. ही अळी पिठ्या ढेकणाच्या तीन-चार पट मोठी असते आणि झपाझप चालते. पानावर केसाएवढ्या देठांच्या टोकाला बारीक अंडी दिसली, तर ती क्रायसोपाची. तिच्या अळ्या मावा आणि पिठ्या ढेकणाची पिल्लं खातात. हे दोघे दिसले, तर फवारणी थांबवून त्यांना काम करू द्या.

याच कारणासाठी शेतातली तीव्र कीटकनाशकं घरात आणू नयेत. ती आधी मित्रांना मारतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात उतरतात आणि तिथून फुलातल्या मधातही जातात. मधमाश्यांच्या काळजीपोटी युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतीतला त्यांचा वापर थांबवला. तुळस आपण तीर्थात आणि काढ्यात घालतो, कढीपत्ता रोज फोडणीत पडतो. अशा झाडांना ही औषधं देणं म्हणजे ती स्वतः खाणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उघड्या रानात हे घडतं, तर बंद गॅलरीत, लहान मुलांच्या हाताशी, झाकणाने अंदाजे मोजून वापरलेलं औषध किती धोक्याचं असेल, याचा प्रत्येकाने गांभीर्याने विचार करावा.

कीड येऊच नये म्हणून

नर्सरीतून आणलेलं नवं झाड दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. अंडी सोबत आली असतील, तर तेवढ्या मुदतीत ती फुटून दिसू लागतात. युरियाचा हात आवरा. नत्र जास्त झालं की फूट लुसलुशीत येते, रसात अमिनो आम्लं वाढतात आणि जी तूट या किडीला एरवी भरून काढावी लागते, तीच आपण तिला घरपोच देतो. झाडांची दाटी कमी करा, म्हणजे वारा खेळतो आणि पिल्लांना चालत जायला वाट मिळत नाही. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबतो आणि धुऊन काढणारं कुणी उरत नाही. तिथपासून जूनपर्यंत आठवड्यातून एकदा पानं उलटून पाहण्याची सवय लावून घ्या. दोन-चार पुंजके असताना कापसाची एक काडी पुरते.

एखादं झाड मात्र खोडापासून मुळांपर्यंत भरून गेलेलं असतं. ते वाचवण्याच्या नादात बाकीच्या वीस कुंड्यांना कीड लागते. अशा वेळी ते पिशवीत बांधून टाकून देणंच शहाणपणाचं. आधी एखादी स्वच्छ, कीड नसलेली काडी मिळाली, तर धुऊन नव्या मातीत वेगळी लावून ठेवा. ज्या झाडावर कार्यक्रम पूर्ण केला, ते सहावी फवारणी झाली म्हणून लगेच जागेवर नेऊ नका. त्यानंतर सलग दोन आठवडे बेचक्यांत, पानांखाली आणि कुंडीच्या काठाखाली एकही पांढरा ठिपका आणि झाडावर एकही मुंगी दिसली नाही, तरच ते पुन्हा इतर कुंड्यांच्या रांगेत ठेवा.